भिंतीवरचा जुना नकाशा

उत्तर बंगालमध्ये तीस्ता नदीच्या काठी माझी नेमणूक होती, तेव्हाची गोष्ट. माझ्या दालनात खुर्चीमागे एक मोठा जुना नकाशा टांगलेला होता. जुना म्हणजे जुन्याची नवी छापील प्रतिकृती. जेम्स रेनेलच्या बंगालच्या नकाशासंग्रहातील एक पान मोठे करून छापलेले, खालीवर लाकडी दांडे लावलेले. शोभेसाठी त्याला तपकिरी झाकही दिली होती. येणारे पाहुणे त्याचे कौतुक करीत, आणि मीही ते स्वीकारीत असे. तो नकाशा नीट वाचण्याची वेळ मात्र माझ्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ एका शेतकऱ्याने आणली. नदीपलीकडच्या जमिनीच्या वादासंबंधी पाचसहा जण भेटायला आले होते. बोलता बोलता त्यांतले वृद्ध गृहस्थ उठले, नकाशाजवळ गेले आणि बोट ठेवून म्हणाले, "साहेब, नदी इकडून वाहत होती. तुमच्या सरकारी नकाशातच आहे. मग पलीकडची जमीन आमचीच ना?"

मी वळून पाहिले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नकाशातली तीस्ता खरोखरच निराळ्या वाटेने जात होती. मी नकाशाचे वर्ष शोधू लागलो, तर ते कुठेच नव्हते. चौकटीत बसावा म्हणून कोणीतरी त्याचा समास कापून टाकला होता. शीर्षक, वर्ष, प्रमाण सारे त्याबरोबर गेले होते.

त्या संध्याकाळी मी रेनेलविषयी वाचायला घेतले. 1764 साली त्याने बंगालच्या नद्यांची पाहणी सुरू केली. पुढच्याच वर्षी ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि 1767 मध्ये रेनेल बंगालचा पहिला सर्व्हेअर जनरल झाला. आपला भारतीय सर्वेक्षण विभाग आपली स्थापना याच वर्षापासून मोजतो. रेनेलचे पहिले काम होते गंगेतून कलकत्त्यास येणारा जवळचा व सुरक्षित जलमार्ग शोधण्याचे. पुढे रस्ते, लष्करी हालचाली आणि महसुली प्रदेशाची ओळख ही कामे आली. या भटकंतीत संन्याशांशी झालेल्या एका चकमकीत तो गंभीर जखमीही झाला. 1777 मध्ये तो मायदेशी परतला, आणि त्यानंतर काही वर्षांतच त्याचा नकाशासंग्रह प्रसिद्ध झाला.

त्याच्या नकाशात तीस्तेचे पाणी आत्राईच्या वाटेने दक्षिणेस गंगेकडे जाते. 1787 च्या महापुरात ती आग्नेयेकडे वळली आणि ब्रह्मपुत्रेला मिळाली. ब्रह्मपुत्राही त्याच्या नकाशात मधुपूरच्या जंगलाच्या पूर्वेकडून वाहते. पुढच्या काही दशकांत तिचा मुख्य प्रवाह पश्चिमेकडच्या आजच्या जमुनेच्या पात्रात गेला. म्हणजे नद्या हलण्यापूर्वीचे बंगालचे चित्र रेनेलने नेमके टिपून ठेवले आहे. नद्यांच्या अभ्यासकांना तो आजही मोलाचा वाटतो, त्याचे कारण हेच.

पण त्या वृद्धांच्या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. रेनेलने नद्या मोजल्या, शेते मोजली नाहीत. शेताचा हिशेब देणारे मौजाचे नकाशे फार पुढचे, मैलाला सोळा इंच या प्रमाणावर काढलेले. शिवाय नदी सरकली म्हणजे मालकी सरकतेच असे नाही. बंगालच्या 1825 च्या नियमात एक सूक्ष्म भेद केला होता. हळूहळू साचलेली मळईची जमीन लगतच्या धारकाची. पण नदीने एकाएकी पात्र बदलले आणि तुटलेला तुकडा ओळखता येत असेल, तर तो मूळ मालकाचाच राहावा. नदी कधी आणि कशी हलली याचा पुरावा म्हणूनच महत्त्वाचा असतो, आणि वर्ष नसलेला नकाशा तो देऊ शकत नाही.

पुराव्याच्या कायद्यानेही हे ओळखले आहे. शासनाच्या अधिकाराने काढलेला नकाशा अचूक आहे असे न्यायालय गृहीत धरते. मात्र एखाद्या दाव्यासाठी मुद्दाम काढलेला नकाशा अचूक असल्याचे सिद्ध करावे लागते. 1872 च्या अधिनियमातील हे तत्त्व 2023 च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. नकाशा कोणी व कशासाठी काढला, हे विचारायला कायदाच आपल्याला शिकवतो.

मी त्या मंडळींना मौजाचा नकाशा मागवून दाखवला आणि प्रकरण रीतसर मोजणीकडे पाठवले. वृद्ध गृहस्थ नाराज झाले. जाताना म्हणाले, "मग हा इथे लावलाच कशाला?" त्या क्षणी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आज परगावी राहणाऱ्या अनेक मराठी घरांत जुन्या नकाशांच्या प्रतिकृती हौसेने लावलेल्या दिसतात. ही हौस चांगलीच आहे. मुले त्यांतून इतिहासाकडे वळतात. मात्र घेताना समास शाबूत आहे ना, हे पाहावे. दुसरे, प्रत लहानमोठी केली की "एका इंचास इतके मैल" हे शब्द खोटे ठरतात. आखलेली प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहानमोठी होते, म्हणून अंतर तिच्यावरूनच मोजावे. तिसरे, नकाशातली कोरी जागा म्हणजे ओसाड प्रदेश असे समजू नये. बहुधा मोजणारा तिथवर पोहोचलेला नसतो.

बदली होण्यापूर्वी मी त्या नकाशाखाली एक छोटी पट्टी लावून घेतली: "रेनेलच्या सर्वेक्षणावरून, 1787 च्या पुरापूर्वीची तीस्ता. जमिनीच्या हक्कासाठी मौजाचा नकाशा पाहावा." त्या वृद्धांना द्यायचे उत्तर मला थोडे उशिरा सुचले, एवढेच.