समध्वनिरेषेची कुळकथा

विमानतळाच्या विकास आराखड्यात धावपट्टीच्या दोन्ही टोकांपलीकडे पसरलेली, होडीसारखी लांबट आणि टोकांकडे निमुळती होत जाणारी, एकात एक बसवलेली वळणे काढलेली असतात. नकाशावरील समोच्चरेषा जशी सारख्या उंचीची ठिकाणे जोडते, किंवा हवामानाच्या नकाशातील समदाबरेषा जशी सारख्या वायुभाराची ठिकाणे जोडते, तशी यांपैकी प्रत्येक रेषा विमानांच्या आवाजाची मात्रा वर्षाच्या सरासरीने जेथे सारखी भरते ती ठिकाणे जोडते, म्हणून तिला समध्वनिरेषा म्हणता येईल. साम्य मात्र येथेच संपते. डोंगराची उंची ही पाहणाऱ्याला काय वाटते यावर अवलंबून नसते. समध्वनिरेषेत मात्र भौतिकशास्त्राइतकाच माणसांच्या तक्रारींचा, न्यायनिवाड्यांचा आणि तडजोडींचा अंश मिसळलेला आहे, आणि ती कोणत्या घराच्या अलीकडून गेली व कोणत्या घराच्या पलीकडून, यावर त्या घराच्या खिडक्यांना सरकारी खर्चाने दुहेरी काच बसणार की नाही हे ठरत असल्याने तिच्या कुळाचा शोध घेणे अगत्याचे ठरते.

या रेषेचा मूळपुरुष शोधू लागल्यास वाट थेट एका कोंबड्यांच्या खुराड्यापाशी जाते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो शहराबाहेर एक लहान विमानतळ होता आणि त्याच्या धावपट्टीच्या टोकापासून अर्ध्या मैलाच्याही आत थॉमस ली कॉस्बी यांची २.८ एकर जमीन, तीवर घर आणि कुक्कुटपालनाच्या शेडी होत्या. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, हा विमानतळ लष्कराच्या वापरात आला आणि बाँबफेकी, मालवाहू व लढाऊ विमाने कॉस्बींच्या छपरावरून उतरू लागली. मान्यताप्राप्त उतरणीचा मार्ग जमिनीपासून ८३ फूट उंचीवरून जात होता, म्हणजे घरापासून ६७ फूट आणि सर्वांत उंच झाडाच्या शेंड्यापासून अवघे १८ फूट. विमान गेले की झाडांवरची जुनी पाने झडत आणि रात्री उतरतानाच्या दिव्यांचा झोत घरभर पडे. बिथरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत, एकेका दिवसात सहा ते दहापर्यंत मरत, आणि अशा सुमारे १५० कोंबड्या गमावल्यावर कॉस्बी कुटुंबाला तो धंदा सोडून द्यावा लागला.

जमिनीच्या मालकाची मालकी वर थेट आकाशापर्यंत पोहोचते, असे इंग्लिश कायद्यात शतकानुशतके मानले गेलेले सूत्र होते. १९४६ मध्ये हे प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी ते सूत्र आधुनिक जगात कालबाह्य ठरवले, कारण ते मान्य केले असते तर देशावरून जाणारे प्रत्येक विमान लाखो जमीनमालकांच्या हद्दीत घुसखोरी करणारे ठरले असते. तरीही इतक्या खालून आणि इतक्या वारंवार झालेली उड्डाणे जमिनीच्या उपभोगावर प्रत्यक्ष आघात करतात, म्हणून सरकारने जणू त्या जमिनीवरील सुविधाधिकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेचा ठरावीक कामापुरता वापर करण्याचा हक्कच, घेतला आहे आणि त्याची भरपाई दिली पाहिजे, असे त्याच निकालाने सांगितले. आकाश सर्वांचे झाले, पण त्याच्या तळाशी एक पट्टा असा उरला की जेथे वरून जाणाऱ्याला खालच्याचे देणे लागते. तो पट्टा कोठे संपतो हे निकालात नव्हते, आणि नंतरची सारी धडपड त्या एका अनुत्तरित प्रश्नासाठी झाली.

प्रश्न निकडीचा झाला तो १९६२ मध्ये. पिट्सबर्गजवळच्या विमानतळालगत राहणाऱ्या ग्रिग्ज यांच्या खटल्यात, देणे विमान कंपनीचे नसून आणि केंद्र सरकारचेही नसून विमानतळ बांधणाऱ्या व चालवणाऱ्या अॅलेघेनी काउंटीचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्याकडील जिल्ह्यासारखे प्रशासकीय एकक. हा निकालही डग्लस यांनीच लिहिला. त्यामुळे अमेरिकेतील प्रत्येक लहानमोठ्या विमानतळाच्या मालकाला आपल्यावर किती घरांचे देणे येऊ शकते हे जाणून घेण्याची गरज भासू लागली, आणि ती भागवायची तर आवाज मोजण्याची सर्वमान्य रीत लागणार होती.

मोजण्याचे साधन नव्हतेच असे नाही. डेसिबल हे एकक १९२० च्या दशकात टेलिफोनच्या तारांतील संकेताचा क्षय मोजण्याच्या गरजेतून आले आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला नाव मिळाले. त्याची मोजपट्टी लघुगणकीय असल्याने १० डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनिऊर्जेत दसपट वाढ, कानाला मात्र ती साधारणपणे दुप्पट मोठी वाटते. अडचण उभी राहिली ती जेट विमानांमुळे. १९५८ च्या ऑक्टोबरात पॅन अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्क ते पॅरिस मार्गावर बोइंग ७०७ ची सेवा सुरू केली, आणि त्याआधीच न्यूयॉर्कचे विमानतळ चालवणाऱ्या पोर्ट प्राधिकरणाने या विमानांचा आवाज तपासण्यासाठी ध्वनिशास्त्राच्या ‘बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन’ या सल्लागार संस्थेला काम दिले होते. तेथील कार्ल क्रायटर यांनी माणसांना बसवून पंख्याच्या विमानांचा आणि जेटचा मुद्रित आवाज आळीपाळीने ऐकवला व कोणता अधिक त्रासदायक वाटतो असे विचारले, तेव्हा उपकरणावर दोघांची मात्रा सारखी असतानाही जेटचा आवाज माणसांना स्पष्टपणे अधिक नकोसा वाटला, कारण त्यातील ऊर्जेचा मोठा भाग शीळ व किंकाळीसारख्या उच्च स्वरांत होता आणि कान त्या स्वरांना फार हळवा असतो. १९५९ मध्ये क्रायटर यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीला ‘जाणवलेल्या गोंगाटाची पातळी’ असे म्हणता येईल. न्यूयॉर्कमध्ये जेटसाठी या मापाने ११२ डेसिबलची मर्यादा ठरली, ती पाळण्यासाठी इंजिनांच्या तोंडाशी अनेक नळ्यांचे ध्वनिरोधक बसवावे लागले, आणि मोठ्या यंत्राने माणसाच्या कानाला मान तुकवल्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग असावा. समध्वनिरेषेच्या कुळातील ही खरी मोलाची पायरी आहे, कारण येथे मोजमापाच्या पोटातच ‘ऐकणाऱ्याला काय वाटते’ हा प्रश्न कायमचा जाऊन बसला.

एका विमानाचा आवाज मोजता आला तरी दिवसभरातील शेकडो विमानांचे काय, याचे उत्तर लंडनने शोधले. सर अॅलन विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६१ मध्ये हीथ्रो विमानतळाच्या परिसरातील रहिवाशांची पाहणी करवून घेतली आणि १९६३ च्या अहवालात गोंगाट व संख्या यांना जोडणारा एक निर्देशांक मांडला. विमाने सारखीच ठेवून त्यांची संख्या दुप्पट झाली तर हा निर्देशांक ४.५ ने वाढत असे, आणि ३५ हा आकडा कमी त्रासाचा तर ५५ हा तीव्र त्रासाचा मानला जाई. नुसत्या ऊर्जेचा हिशेब केला असता तर संख्या दुप्पट झाल्यावर केवळ ३ डेसिबलची भर पडली असती; अधिकचा दीड अंक लोकांच्या उत्तरांतून आला होता. पुढे १९९० मध्ये ब्रिटनने हा निर्देशांक सोडून दिवसाच्या सोळा तासांची ऊर्जा-सरासरी स्वीकारली आणि तो दीड अंक हिशेबातून गळाला. विमाने एकेकटी शांत होत गेली पण त्यांची संख्या वाढत गेली अशा पुढच्या काळात तो असता तर बरे झाले असते.

अमेरिकेने सरासरीचाच मार्ग धरला, पण त्यात रात्रीचे वजन घातले. रात्री १० ते सकाळी ७ या वेळेतील प्रत्येक आवाजात १० डेसिबल मिळवायचे, म्हणजे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांच्या बरोबरीचे धरायचे, आणि मग चोवीस तासांची सरासरी काढायची. कॅलिफोर्निया राज्याने याशिवाय संध्याकाळी ७ ते १० या वेळेतील विमान सुमारे तिपटीने मोजण्याचे ठरवले. रात्रीच्या झोपेची किंमत दहापट, हे कोणत्याही उपकरणाने सांगितलेले नाही, ते माणसांनी ठरवले, आणि ठरवले ते योग्यच केले. भारतात निवासी भागासाठी २००० च्या नियमांनी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशा दोन वेगळ्या मर्यादा घातल्या आहेत, त्यांमागेही हीच समज आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७४ मध्ये आरोग्य आणि स्वास्थ्य यांच्या रक्षणासाठी खर्चाचा विचार न करता ५५ हा आकडा सुचवला होता. परंतु १९७९ च्या कायद्याने एकच मापनपद्धत निवडण्याची जबाबदारी केंद्रीय विमानवाहतूक प्रशासनावर टाकली आणि १९८१ पासूनच्या नियमांत निवासासाठी सुसंगत जमिनीची सीमा ६५ वर आली. ५५ आणि ६५ यांतील अंतर ऊर्जेच्या भाषेत दसपट आहे.

रेषा कागदावर आली तरी तिच्या आधारे विमानांना आवर घालण्याचा अधिकार कोणाचा, हे ठरायचे होते. कॅलिफोर्नियातील बर्बँक शहराने आपल्या हद्दीतील खासगी विमानतळावरून रात्री ११ ते सकाळी ७ जेट विमानांच्या उड्डाणास मनाई केली होती. १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण उड्डाणांचे नियमन केंद्राकडे आहे आणि प्रत्येक शहराने आपापले वेळापत्रक लादले तर हवाई वाहतूक कोलमडेल. पण विमानतळाचा मालक म्हणून एखाद्या संस्थेला काही बंधने घालता येतील की नाही, हा प्रश्न न्यायालयाने मोकळा ठेवला. ग्रिग्ज प्रकरणात ज्याच्या गळ्यात देणे बांधले गेले होते त्याच्याच हातात आता थोडी सत्ता येण्याची वाट उघडी राहिली.

ती वाट पुरेपूर वापरली कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीने. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेस तिच्या मालकीचा एक प्रादेशिक विमानतळ असून १९७९ पासून तो चित्रपट अभिनेता जॉन वेन याच्या नावाने ओळखला जातो. मुख्य धावपट्टी ५,७०१ फूट, म्हणजे प्रवासी जेटसाठी बरीच आखूड, आणि बहुतेक उड्डाणे न्यूपोर्ट बीच या किनारी शहरावरून व त्याच्या खाडीवरून समुद्राकडे जातात. वर्षानुवर्षांच्या दाव्यांनंतर १९८५ मध्ये काउंटी, न्यूपोर्ट बीच शहर आणि नागरिकांच्या दोन संघटना यांच्यात तडजोडीचा करार झाला. मोठा आवाज करणाऱ्या विमानांची उड्डाणे दिवसाला सरासरी ७३ पुरती आणि प्रवाशांची संख्या वर्षाला ८४ लाखांपुरती मर्यादित झाली. जी विमाने मोजणीत पुरेशी शांत ठरतील ती उड्डाणांच्या मर्यादेबाहेर ठेवली गेली, म्हणजे शांत विमान आणणाऱ्या कंपनीला जादा फेऱ्यांचे बक्षीस मिळाले. व्यावसायिक उड्डाणे रात्री १० ते सकाळी ७, आणि रविवारी ८ पर्यंत, बंद ठेवण्यात आली.

येथे सरासरीची रेषा पुरेशी नव्हती आणि म्हणून प्रत्येक उड्डाणाचा स्वतंत्र हिशेब सुरू झाला. विमानतळाभोवती दहा कायमची मापनकेंद्रे आहेत, त्यांतील सात उड्डाणाच्या बाजूला न्यूपोर्टकडे. खांबावरच्या मायक्रोफोनपाशी आवाज चढतो, शिखर गाठतो आणि ओसरतो, त्या सगळ्या चढउताराची ऊर्जा एकाच सेकंदात कोंबली असती तर किती भरली असती, तो आकडा त्या विमानाच्या नावावर लिहिला जातो. या आकड्याने वैमानिकांची रीतही बदलली. विमान धावपट्टी सोडताच नेहमीपेक्षा अधिक उभे वर चढते, घरांच्या ओळींवर येण्यापूर्वी शक्य तेवढी उंची गाठते, आणि मग वैमानिक इंजिनांचा जोर कमी करतो. आत बसलेल्या नवख्या प्रवाशाला पाठीवरचा दाब एकाएकी सैल झाल्यासारखा, गुरगुर खाली बसल्यासारखी आणि विमान क्षणभर थबकल्यासारखे वाटते, खालच्या अंगणात बसलेल्या माणसाला मात्र अर्धवट राहिलेले वाक्य पुरे करता येते. समुद्रावर पोहोचल्यावर जोर पुन्हा वाढवला जातो.

१९९० मध्ये अमेरिकी संसदेने नवे स्थानिक निर्बंध घालणे अतिशय कठीण करणारा कायदा केला, पण तोवर अस्तित्वात आलेली बंधने त्यातून वगळली. जॉन वेन विमानतळाचा करार त्यामुळे टिकला, पुढे प्रवासीमर्यादा वाढवून त्याची मुदतही वाढवण्यात आली, आणि शेजारच्या बर्बँकला मात्र रात्रीच्या सक्तीच्या बंदीसाठी केलेल्या अर्जावर २००९ मध्ये नकार मिळाला. त्याच कायद्याने जुनी गोंगाटी विमाने १९९९ अखेरपर्यंत बाद करायला लावली. १९७० च्या दशकाच्या मध्यास देशात सुमारे ७० लाख लोक ६५ च्या रेषेच्या आत राहत होते, ती संख्या पाच लाखांच्या खाली आली, आणि प्रश्न सुटला असे अधिकृत नकाशे सांगू लागले. १९७८ पासून विमानतळाच्या रेषा संगणकीय प्रतिमानाने आखल्या जात होत्या, त्यामुळे त्या रेखीवही दिसत.

तक्रारी मात्र रेषेबाहेरून येत राहिल्या. ६५ च्या पातळीला किती लोक तीव्र त्रस्त असतात याचा अंदाज थिओडोर शुल्ट्झ यांनी १९७८ मध्ये रस्ते, रेल्वे आणि विमाने यांवरील जुन्या पाहण्या एकत्र करून मांडलेल्या वक्ररेषेवरून घेतला जाई, आणि तिच्या १९९२ च्या सुधारित रूपात तो १२.३ टक्के होता. विमानवाहतूक प्रशासनाने २० विमानतळांभोवतीच्या दहा हजारांहून अधिक रहिवाशांना पुन्हा विचारले आणि जानेवारी २०२१ मध्ये उत्तरे प्रसिद्ध केली, तेव्हा त्याच पातळीला तीव्र त्रस्त असलेल्यांचे प्रमाण ६० ते ७१ टक्क्यांच्या दरम्यान निघाले; ५० च्या पातळीला, म्हणजे नकाशावर जेथे रेषाच काढली जात नाही तेथेही, ते १५ ते २३ टक्के होते. २०२३ मध्ये प्रशासनाने मापनपद्धत आणि ६५ ही सीमा या दोहोंचा फेरविचार हाती घेऊन नागरिकांची मते मागवली.