वेशभूषा : पडद्यावरची अबोल भाषा

चित्रपटातील पात्र पहिला संवाद उच्चारते, त्याआधीच त्याचा पोशाख प्रेक्षकाला बरेच काही सांगून गेलेला असतो. पात्राचा काळ, प्रांत, आर्थिक स्थिती आणि स्वभाव यांची ओळख कापडातून करून देणे, हे वेशभूषाकाराचे काम होय.

या कामाचा आरंभ पटकथेच्या वाचनाने होतो. प्रत्येक दृश्यात कोण, कोणत्या प्रसंगी, कोणत्या कपड्यांत दिसेल याचे टिपण केले जाते. त्यानंतर संदर्भांचा शोध, रेखाटने, कापडाची निवड आणि शिवणकाम असे टप्पे येतात. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने कोणत्या दृश्यात सदरा किती मळलेला होता, याचीही नोंद ठेवावी लागते. नवे कापड वापरातले भासावे म्हणून ते वारंवार धुतले, घासले व रंगवले जाते.

भारतात या कलेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत भानू अथैया यांचे नाव अग्रणी आहे. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये यांचे वडील अण्णासाहेब हे चित्रकार होते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर त्यांनी नियतकालिकांसाठी पोशाखांची रेखाटने केली. गुरुदत्त यांची निर्मिती असलेल्या 'सी.आय.डी.' (१९५६) पासून त्यांची चित्रपट कारकीर्द बहरली. 'आम्रपाली' (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला.

रिचर्ड अॅटनबरो यांच्या 'गांधी' (१९८२) मध्ये त्यांच्या अभ्यासाची खरी कसोटी लागली. दक्षिण आफ्रिकेतील सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर ते पंचा नेसलेला महात्मा, हा अर्धशतकाहून अधिक काळाचा प्रवास वस्त्रांतून उभा करायचा होता. येथे पोशाखातील बदल हाच विचारातील बदल होता. त्यामुळे तपशिलातील चूक इतिहासाची चूक ठरली असती. या चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. पुढे 'लेकिन' आणि 'लगान' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही लाभले.

२०१२ मध्ये मात्र त्यांनी आपली ऑस्करची बाहुली सुरक्षित राहावी म्हणून अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपवली. शांतिनिकेतनातून २००४ मध्ये रवींद्रनाथ टागोरांचे नोबेल पदक चोरीस गेले होते. त्या घटनेचा दाखला त्यांनी दिला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पुरस्काराला निदान सुरक्षित जागा मिळाली. चित्रपटांतील वस्त्रांचे तसे होत नाही. चित्रीकरण संपले की पुष्कळदा ती उसवून, बदलून दुसऱ्या चित्रपटासाठी वापरली जातात किंवा गोदामात विरून जातात. पडद्यावरील प्रतिमा जपली जाते. तिला आकार देणारे कापड आणि त्यामागची रेखाटने जपण्याची निकडही तेवढीच आहे.