पाणी उकळलं तरी शिसं का जात नाही? उत्तर गलाईच्या दुकानात आहे

सांगलीतल्या खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातल्या माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतली अनेक कुटुंबं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. हाच गलाई व्यवसाय. पाण्यात विरघळलेला धातू बाहेर काढणं, हे या दुकानांतलं नेहमीचं काम.

चांदी पाण्यातून कशी निघते?

सोन्यात मिसळलेली चांदी आणि तांबं नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळतं, सोनं तळाशी उरतं. विरघळलेली चांदी आता आयन असते, म्हणजे विद्युतभार असलेला सुटा अणू. तो डोळ्यांना दिसत नाही, फडक्यात अडकत नाही. मग त्यात तांब्याची पट्टी टाकतात. तांबं विरघळत जातं आणि चांदी घनरूपात बाहेर पडते.

मग धोका कुठे?

चांदी निघाली, पण तिच्या जागी तांबं पाण्यात उतरलं. उरलेलं पाणी निळं-हिरवं दिसतं ते त्यामुळेच. त्यात शिसं किंवा जुन्या ‘केडीएम’ दागिन्यांच्या जोडातलं कॅडमियमही असू शकतं. असं पाणी तसंच गटारात सोडलं, तर ते ओढ्यात आणि विहिरीत पोहोचू शकतं.

शिशामुळे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटते. कॅडमियम मूत्रपिंड आणि हाडं पोखरतं. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) मर्यादा कडक आहे: लिटरमागे शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम.

हे पाणी स्वच्छ कसं करतात?

* लोखंड: चांदीसाठी जे तांब्यानं केलं, तेच तांब्यासाठी लोखंड करतं. तांबं सुटून बाहेर येतं.
* चुना: ॲसिड मरतं आणि उरलेल्या धातूंचा बराचसा भाग गाळ होऊन खाली बसतो. हा गाळ विषारीच असतो. तो उकिरड्यावर टाकून चालत नाही, घातक कचरा म्हणूनच द्यावा लागतो.
* आयन एक्स्चेंज: राहिलेला अंश खास रेझिनचे मणी धरून ठेवतात.

घरी काय लक्षात ठेवायचं?

उकळल्यानं जंतू मरतात, धातू मरत नाही. उलट पाणी आटतं आणि धातूचं प्रमाण वाढतं. तुरटीनं गढूळपणा जातो, पण विरघळलेल्या शिशासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. आरओ बराचसा धातू अडवतो. पाण्यातलं शिसं रंगावरून किंवा चवीवरून कळत नाही. शंका असेल तर प्रयोगशाळेत ‘जड धातूंची तपासणी’ असं स्पष्ट सांगावं, कारण साध्या तपासणीत ती सहसा नसते.