लोकनिधी (वस्तुनिर्मितीसाठी)

एखादी वस्तू बाजारात येण्याआधीच, ती व्हावी असे वाटणाऱ्या पुष्कळ लोकांकडून थोडेथोडे पैसे जमवून तिच्या निर्मितीचा खर्च उभा करण्याची पद्धत. आज ती ‘क्राउडफंडिंग’ या नावाने परिचित आहे. दिवे, खेळणी, घरगुती उपकरणे, शेतीची हत्यारे अशा वस्तू घडवणाऱ्या तरुण डिझाइनरांना तिचा मोठा आधार वाटतो. बँक तारण मागते आणि यांच्या हाती असतो तो फक्त एक नमुना.

महाराष्ट्रात या कल्पनेची मुळे इंटरनेटच्या फार आधीची आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ सुरू केला. माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून देशी उद्योग उभारायचा, एवढीच मूळ योजना. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे केवळ एकेका पैशावर हजार रुपये जमवायचे तर ६४ हजार माणसांपुढे हात पसरणे आले. काळ्यांनी ते काम अंगावर घेतले, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. जपानमध्ये आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक बाजू सांभाळली. काच करण्याबरोबर काचकाम शिकवणे हाही कारखान्याचा हेतू होता. प्रस्तुत लेखकाला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. लोकांच्या पैशातून मालाबरोबर तो करणारे हातही तयार झाले.

त्याच पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील पाबळ येथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतील संशोधन केंद्रातले काम सोडून ते येथे आले. शाळा सुटलेल्या मुलांना कामातून शिकवायचे, आणि ते काम गावाला खरोखर हवे असलेलेच असले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. वेल्डिंग असो, वीजजोडणी असो की माती-पाणी परीक्षण, गावकऱ्याने त्याचे पैसे मोजायचे. भूगर्भातील पाण्याचा अंदाज देणारी उपकरणे, जुन्या जीपचे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर, त्रिकोणी सांगाड्याची घुमटाकार घरे अशी कामे येथे झाली. २००२ मध्ये एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, पाबळला सुरू झाली. ज्या संस्थेत शिकून वार्ष्णेय तळेगावला आले, तिचीच कार्यशाळा सुमारे शंभर वर्षांनी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आली, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

नवे उत्पादन काढणाऱ्याला फॅब लॅबचा उपयोग नेमका होतो तो नमुन्याच्या टप्प्यावर. संगणकावरचे रेखाटन लेसर कटर, थ्री-डी प्रिंटर किंवा सीएनसी यंत्रावर चढवून वस्तू थोड्या अवधीत हातात घेता येते, चुकली तर पुन्हा करता येते. खर्चाची खरी उडी मात्र नमुन्यानंतर असते. समजा, प्लास्टिकच्या दिव्याच्या साच्याला एक लाख रुपये पडले. पन्नास दिवे काढले तर प्रत्येकावर दोन हजारांचा बोजा पडतो. हजार काढले तर शंभराचा. पहिल्या लॉटला लागणारा हा पैसा आगाऊ मागणीतून जमवणे, हे लोकनिधीचे मुख्य काम.

अमेरिकेत २००९ मध्ये सुरू झालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळाने ही रीत रूढ केली. ठरलेली रक्कम मुदतीत जमली तरच पैसे घ्यायचे, हा तिथला नियम. भारतात मुंबईच्या विशबेरीने कलाकृतींसाठी हाच नियम स्वीकारला. केटो आणि मिलाप यांचा भर सामाजिक कामांवर आणि उपचारखर्चावर राहिला. २०१२ मध्ये पेबल या मनगटी घड्याळाला किकस्टार्टरवर एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, पण सप्टेंबरात द्यायची घड्याळे पुढच्या जानेवारीत निघू लागली. किकस्टार्टरवरील यशस्वी मोहिमांचा अभ्यास करणाऱ्या ईथन मॉलिक यांना २०१४ मध्ये आढळले की तीन-चतुर्थांशांहून अधिक मोहिमांचा माल उशिरा पोहोचला होता. नमुना करणारा हात आणि हजार नग एकसारखे काढणारी व्यवस्था यांत मोठे अंतर असते. साचा, सुटे भाग, वेष्टन, कुरिअर यांतले काहीही अडले की वायदा मोडतो. म्हणून पाबळची शिस्त येथेही लागू पडते असे म्हणावेसे वाटते. जो वस्तू वापरणार आहे, त्याच्याच हाती नमुना द्यावा आणि त्याने पैसे मोजले तरच पुढे जावे. मित्र-नातेवाइकांच्या कौतुकावर साचा टाकणे धोक्याचे आहे.

भारतीय कायद्यात देणगी, वस्तूची आगाऊ विक्री आणि भागविक्री यांत स्पष्ट फरक आहे. खासगी कंपनीला सर्वसामान्य लोकांना भाग देऊ करता येत नाहीत; २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार निवडक व्यक्तींना भाग द्यायचे तरी एका आर्थिक वर्षात साधारणपणे २०० जणांची मर्यादा आहे. सेबीने जून २०१४ मध्ये भागभांडवली लोकनिधीवर चर्चापत्र काढले होते. वस्तूसाठी घेतलेली आगाऊ रक्कम कंपनीच्या बाबतीत ‘ठेव’ ठरत नाही. अट अशी की पैसे मिळाल्यापासून ३६५ दिवसांच्या आत ती त्या मालापोटी वळती झाली पाहिजे. मालाच्या अशा आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून, कंपोझिशन योजनेत नसलेल्या विक्रेत्यांना, पैसे हाती येताच जीएसटी भरावा लागत नाही. तो बीजक करताना लागतो. मोहिमेची किंमत ठरवतानाच हा कर, कुरिअर आणि मंचाचे कमिशन धरलेले असावे, नाहीतर जमलेली रक्कम भरघोस दिसूनही साच्याला पैसे उरत नाहीत.