लैला : एका विलायती गीताची जन्मकथा

श्रोतेहो, परवां माझा नातू आपल्या खोलींत एक इंग्रजी गाणें ऐकत बसला होता. शब्द मला नीट उमगेनात. परंतु मध्येंच 'लैला' हें नांव कानीं पडलें आणि मी थबकलों. अरबस्तानच्या वाळवंटांतील ही नायिका विलायती वाद्यांच्या गदारोळांत कशी येऊन पोहोंचली? तोच वृत्तांत आज आपणांस निवेदन करणार आहें.

गंजा शहरचा फारसी कवि निजामी यानें इ. स. ११८८ मध्यें 'लैला-मजनू' हें काव्य रचिलें. मूळ कथा अरबांची व त्याहून पुष्कळ जुनी. कैस व लैला यांचें परस्परांवर प्रेम जडतें. परंतु कन्येचा पिता तिला दुसऱ्याच्या पदरीं बांधतो. कैस रानांत श्वापदांच्या संगतींत राहूं लागतो. मजनू म्हणजे झपाटलेला, हें त्याला लोकांनीं दिलेलें नांव.

आतां विसाव्या शतकाकडे वळूं. 'बीटल्स' या सुप्रसिद्ध वाद्यवृंदांतील जॉर्ज हॅरिसन याचा विवाह जानेवारी १९६६ मध्यें पॅटी बॉइड हिच्याशीं झाला. त्याच वर्षीं सप्टेंबरांत हें दांपत्य आपल्या मुंबईस आलें होतें. पंडित रविशंकरांपाशीं सतार शिकावी, हा हॅरिसनचा हेतु होता. पुढें त्याचा जिवलग स्नेही, विख्यात गिटारवादक एरिक क्लॅप्टन, हा मित्राच्या या पत्नीवरच अनुरक्त झाला. ती प्राप्त होण्याजोगी नव्हती. अशा मनःस्थितींत एका परिचितानें निजामीचें काव्य त्याच्या हातीं दिलें, आणि त्यांत त्याला स्वतःचीच व्यथा दिसली.

१९७० सालीं अमेरिकेंतील मायामी येथें 'डेरेक अँड द डोमिनोज' या नांवाखालीं हें गीत ध्वनिमुद्रित झालें. ड्वेन ऑलमन याची गिटार त्यांत आहे. उत्तरार्धांतील पियानोची शांत सुरावट जिम गॉर्डन याची. त्याच संग्रहांतील दुसऱ्या एका गीताचा सहकर्ता म्हणून चक्क निजामीचें नांव छापलें आहे! पावणेआठशें वर्षांपूर्वींच्या कवीचें ऋण असें मान्य झालेलें पाहून माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास धन्यता वाटली. १९७१ सालीं कांटछांट करून काढलेली तबकडी अमेरिकेंत ५१ व्या क्रमांकापुढें गेली नाहीं. १९७२ सालीं मात्र संपूर्ण गीत तेथें १० व्या व इंग्लंडांत ७ व्या क्रमांकास पोहोंचलें.

परंतु खरी कथा यापुढेंच आहे. १९७७ सालीं हॅरिसन दांपत्याचा घटस्फोट झाला आणि १९७९ सालीं क्लॅप्टननें पॅटीशीं विवाह केला. स्वागतसमारंभास हॅरिसन जातीनें हजर होता! निजामीच्या मजनूस जें लाभलें नाहीं तें या मजनूस लाभलें. पण दहा वर्षांत, १९८९ सालीं, तोहि संसार मोडला. १९९२ सालीं क्लॅप्टननें तेंच गीत विजेच्या गिटारीवांचून, संथ लयींत पुन्हां गाइलें. आर्जव तेंच, मात्र आतां तें कोणास उद्देशून होतें?

आणि लैलेचें काय? जग मजनूचा आक्रोश ऐकतें. लैलेस कोणी विचारीत नाहीं. पॅटी बॉइडनें आपली बाजू २००७ सालीं आत्मचरित्रांत मांडली. गाणें निघाल्यास तेव्हां छत्तीस वर्षें लोटलीं होतीं. नातवास मीं इतकेंच सांगितलें, "गाणें अवश्य ऐक, बाळ, पण जिच्यासाठीं तें रचिलें, तिचेंहि ऐक."