'मोठे दहा' आणि 'मोठे बारा' : अमेरिकन विद्यापीठांच्या फुटबॉल-गटांची फेररचना आणि शौकिनांच्या अटकळी

१

संख्यावाचक शब्द विशेषनाम बनला की मोजदादीशी असलेले त्याचे नाते हळूहळू सैल होत जाते. पंचायतीत नेमके पाचच पंच आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही. पंचक्रोशी म्हणताना कोणी कोस मोजीत नाही. अमेरिकेतील विद्यापीठीय फुटबॉलच्या इतिहासात या भाषिक व्यापाराचे एक ठळक उदाहरण आढळते. २०११ ते २०१४ या तीन वर्षांत 'बिग टेन' म्हणजे 'मोठे दहा' या गटात बारा विद्यापीठे होती आणि 'बिग ट्वेल्व्ह' म्हणजे 'मोठे बारा' या गटात दहा. २०२४ साली पहिल्या गटाची सदस्यसंख्या अठरा झाली, दुसऱ्याची सोळा. आणि 'पॅक-१२' हे नाव मिरविणाऱ्या गटात त्या वर्षी फुटबॉलचे दोनच संघ उरले. नाव आणि वस्तू यांच्यात एवढे अंतर कसे पडले, आणि ते पडत असताना सामान्य शौकीन काय बोलत होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

प्रारंभी दोन खुलासे आवश्यक आहेत. येथे फुटबॉल म्हणजे कोलकात्यात वा गोव्यात खेळला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन धावणे किंवा फेकणे हे ज्याचे मुख्य अंग आहे तो अमेरिकन खेळ येथे अभिप्रेत आहे. दुसरे असे की, या खेळात विद्यापीठे 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असतात. एका गटातील विद्यापीठे आपापसांत सामने ठरवितात, नियम करितात, आणि अलीकडच्या काळात प्रक्षेपणाचे हक्क एकत्रितपणे विकून उत्पन्न वाटून घेतात. कोणते विद्यापीठ कोणत्या गटात जाणार, कोणास निमंत्रण येणार, कोणता गट मोडणार याविषयीच्या अटकळी हा तेथील शौकिनांचा आवडता उद्योग आहे. या अटकळी बहुधा खोट्या ठरतात. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला त्या टाकाऊ नाहीत. एकत्र राहण्याचे कारण काय, याविषयी त्या त्या काळातील लोकांची समजूत कोणती होती, हे त्यांतून अधिकृत ठरावांपेक्षाही स्पष्टपणे कळते.

२

११ जानेवारी १८९५ रोजी शिकागो येथील पामर हाउस या हॉटेलात पर्ड्यू विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांच्या निमंत्रणावरून सात संस्थांचे प्रमुख एकत्र आले. विद्यार्थी नसलेले, पैसे घेऊन खेळणारे लोक विद्यापीठांच्या संघांत शिरत होते. त्यांना आवर घालणे हा बैठकीचा हेतू होता. पुढील वर्षी, ८ फेब्रुवारी १८९६ रोजी, प्राध्यापकांच्या प्रतिनिधींची रीतसर परिषद स्थापन झाली. तिच्या औपचारिक नावात दहा हा आकडा नव्हता, 'मोठे' हे विशेषणही नव्हते. ती केवळ प्राध्यापक-प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद होती. लोक तिला 'वेस्टर्न कॉन्फरन्स' म्हणत. १९०६ साली या परिषदेने हंगामातील सामने पाचांवर आणले आणि खेळाडूच्या पात्रतेला तीन वर्षांची मर्यादा घातली. मिशिगन विद्यापीठाला हे निर्बंध जाचक वाटले. ते बाहेर पडले आणि १९१७ साली परतले.

संख्यावाचक नाव वृत्तपत्रांनी आणि लोकांनी दिले. मिशिगन परतल्यावर सदस्य दहा झाले आणि 'बिग टेन' हे नाव रूढ झाले. शिकागो विद्यापीठाने १९३९ साली फुटबॉल बंद केला व १९४६ साली तो गटातून बाहेर पडला, तेव्हा लोक निःसंकोचपणे 'बिग नाइन' म्हणू लागले. १९४९ साली मिशिगन स्टेटला प्रवेश मिळताच पुन्हा 'बिग टेन' झाले. म्हणजे या काळापर्यंत नावातील संख्या जिवंत होती. वस्तू बदलली की शब्द बदलत असे. गटाने हे लोकनाम कायदेशीररीत्या स्वीकारले ते १९८७ साली.

शिकागोच्या रिकाम्या जागेवर कोण येणार, याची चर्चा चाळिशीच्या दशकात पुष्कळ झाली. पिट्सबर्ग, नेब्रास्का आणि मिशिगन स्टेट ही नावे तीत होती. या नावांकडे पाहिले असता त्या काळचे निकष ध्यानी येतात. संस्था गटाच्या प्रदेशातील किंवा त्याच्या सीमेलगतची असावी, आगगाडीने सहज जाता यावे, आणि विद्येच्या क्षेत्रात तिची प्रतिष्ठा असावी, एवढेच ते होते. दक्षिणेतही गट फुटले ते याच तत्त्वावर. सदर्न कॉन्फरन्सचा विस्तार तेवीस सदस्यांपर्यंत गेल्यावर डिसेंबर १९३२ मध्ये अॅपलाचियन पर्वताच्या पश्चिमेकडील व दक्षिणेकडील तेरा संस्थांनी 'साउथईस्टर्न' हा गट काढला. १९५३ साली उरलेल्यांतील सात संस्थांनी 'अटलांटिक कोस्ट' हा गट स्थापिला. दोन्ही नावे दिशावाचक वा स्थलवाचक आहेत, आणि ती ठेवली गेली तेव्हा यथार्थ होती.

३

शेजार हे तत्त्व सोडून देण्याची पहिली मोठी कल्पना १९५९ सालची आहे. त्या वर्षी पॅसिफिक किनाऱ्यावरील जुना गट खेळाडूंना गुप्तपणे पैसे दिल्याच्या प्रकरणांमुळे मोडला. हा गट १९१५ साली पोर्टलंड येथे चार संस्थांनी स्थापन केला होता आणि त्या चारांत ओरेगन स्टेट ही एक होती. गट मोडल्यावर अॅडमिरल टॉम हॅमिल्टन यांनी एक योजना मांडली. स्टॅनफर्ड, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिस येथील दोन विद्यापीठे ही पश्चिमेकडील पाच. पूर्वेकडील नोटर डेम, पिट्सबर्ग, पेन स्टेट, सिरॅक्यूज यांसारख्या संस्था. आणि सैनिकी विद्यालये, अशा सर्वांचा देशव्यापी गट करावा, असे तीत म्हटले होते. संघांना सामन्यांसाठी विमानाने जावे लागणार म्हणून लोकांनी या गटाला 'विमान-कॉन्फरन्स' असे नाव दिले. सैनिकी विद्यालये आली नाहीत आणि योजना बारगळली.

हे नाव देण्यात थोडी थट्टा होती हे उघड आहे. नावाची निवड मात्र मार्मिक आहे. प्रदेश, पर्वत वा किनारा यांपैकी काहीही त्या गटाचे लक्षण होऊ शकत नव्हते. म्हणून प्रवासाच्या साधनालाच लक्षण करावे लागले. पासष्ट वर्षांनी हीच रचना वेगळ्या नावांखाली अस्तित्वात आली, तेव्हा तिला कोणी विमानाचे नाव दिले नाही, कारण जुनी नावे उपलब्ध होती.

४

या परिवर्तनाचे कारण दूरचित्रवाणीत शोधावे लागते. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभापासून राष्ट्रीय क्रीडासंघटनेने प्रक्षेपित सामन्यांची संख्या मर्यादित ठेविली होती. मैदानावरील प्रेक्षक कमी होतील, ही भीती त्यामागे होती. ओक्लाहोमा व जॉर्जिया या विद्यापीठांनी या नियंत्रणाला न्यायालयात आव्हान दिले. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ते नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे ठरविले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः कोलोरॅडो विद्यापीठाचे नामांकित खेळाडू होते. हा खेळ विद्यापीठाच्या शैक्षणिक जीवनाचा भाग असून केवळ व्यापाराच्या मापाने तो मोजू नये, असा त्यांच्या मताचा आशय होता.

निकालानंतर सामने विकण्याचा हक्क विद्यापीठांकडे आला आणि अल्पावधीत गट हा विक्रेता बनला. १९८७ सालच्या एका नियमाने बारा सदस्यांच्या गटाला दोन विभाग करून त्यांतील विजेत्यांचा अंतिम सामना खेळविण्याची मुभा दिली. मूळ नियम कनिष्ठ श्रेणीतील संस्थांसाठी होता. साउथईस्टर्न गटाने त्याचे मोल ओळखले, आर्कान्सॉ व साउथ कॅरोलायना यांना घेऊन बाराची संख्या गाठली आणि १९९२ साली पहिला अंतिम सामना खेळविला. टेक्सासमधील विद्यापीठांचा साउथवेस्ट गट १९९६ साली संपुष्टात आला. त्यातील चार विद्यापीठे 'बिग एट' या गटाच्या आठांस मिळून 'बिग ट्वेल्व्ह' उभा राहिला. येथे आठ अधिक चार म्हणजे बारा हा हिशेब अद्याप बरोबर होता.

पण बिग टेनमध्ये संख्या गोठली होती. १९९० साली पेन स्टेटला प्रवेश मिळून सदस्य अकरा झाले, तरी १९४६ व १९४९ प्रमाणे नाव बदलले नाही. बोधचिन्हातील अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत ११ हा आकडा लपविण्यात आला. कायद्याने नोंदलेले आणि बाजारात मूल्य असलेले नाव मोडणे आता परवडणारे नव्हते. संख्या मोजण्याचे काम सोडून मुद्रेचे काम करू लागली, ती या वेळी.

५

डिसेंबर २००९ मध्ये बिग टेनने विस्ताराचा विचार करणार असल्याचे जाहीर केले. त्यानंतरच्या वर्षात अटकळींना जो बहर आला त्याला पूर्वीच्या काळात तोड नाही. शौकीन नकाशे काढीत, याद्या करीत, प्रत्येक उमेदवाराच्या गुणदोषांचे कोष्टक मांडीत. टेक्सास, ओक्लाहोमा आदी विद्यापीठे पॅसिफिक गटात जाऊन सोळांचा महागट होणार, अशी २०१० च्या उन्हाळ्यात चर्चा होती. टेक्सासने नकार दिला आणि ती योजना विरली. नेब्रास्का मात्र २०११ साली बिग टेनमध्ये आले. १९४६ नंतरची अटकळ अशी पासष्ट वर्षांनी खरी ठरली.

भाषेच्या अभ्यासकाला या चर्चेत शब्दसंग्रहातील पालट जाणवतो. पूर्वीचा शौकीन वैर, मान, परंपरा, शेजार या शब्दांत बोलत असे. आता 'मार्केट', 'फुटप्रिंट', 'ब्रँड' हे शब्द त्याच्या तोंडी बसले. बिग टेनने २००७ साली स्वतःची दूरचित्रवाणी-वाहिनी सुरू केल्यावर, एखाद्या राज्यात केबल घेणारी घरे किती, हा प्रश्न शौकीन स्वतःहून विचारू लागला. त्यामुळे २०१२ च्या नोव्हेंबरात मेरीलंड व रटगर्स यांचे प्रवेश जाहीर झाले तेव्हा फुटबॉलमधील त्यांच्या कामगिरीपेक्षा वॉशिंग्टन व न्यूयॉर्क येथील घरांची चर्चा अधिक झाली. हिशेबनिसाची भाषा अशा रीतीने प्रेक्षकाची भाषा झाली.

अटकळींचा परिणाम व्यवहारावर होत नव्हता असे मात्र नव्हे. २०१६ साली बिग ट्वेल्व्हने उघडपणे उमेदवार तपासले आणि ऑक्टोबरात कोणासही घ्यावयाचे नाही असे ठरविले. तेव्हा चर्चेत आलेल्या ब्रिगहॅम यंग, सिनसिनाटी, ह्यूस्टन आणि सेंट्रल फ्लॉरिडा या चार संस्थांनाच २०२१ साली निमंत्रणे गेली. यादी आधी तयार होती. प्रसंग नंतर आला.

६

तो प्रसंग टेक्सास व ओक्लाहोमा यांनी आणला. २०२१ च्या जुलैत ही दोन विद्यापीठे साउथईस्टर्न गटात जाणार असल्याचे उघड झाले. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिस येथील दोन्ही विद्यापीठांचा बिग टेनमधील प्रवेश जाहीर झाला. रटगर्सच्या मैदानापासून ती सुमारे चार हजार किलोमीटर दूर आहेत. ४ ऑगस्ट २०२३ या एकाच दिवशी ओरेगन व वॉशिंग्टन बिग टेनकडे, तर ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि यूटा ही विद्यापीठे बिग ट्वेल्व्हकडे गेली. पॅसिफिक किनाऱ्यावरील स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया यांनी सप्टेंबरात अटलांटिक कोस्ट गटाचा आश्रय घेतला, तोही कित्येक वर्षे कमी वाटा पत्करून. त्यांच्याबरोबर आलेल्या डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर नऊ वर्षे प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर पाणी सोडण्याचे मान्य केले. आत असणे हेच मूल्य होऊन बसले होते.

मागे राहिली ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. पहिली १९१५ सालच्या संस्थापकांपैकी. दुसरी १९१७ पासूनची सदस्य. दोन्ही तुलनेने लहान गावांत वसलेल्या, म्हणजे घरांच्या मोजणीत हलक्या. शौकिनांच्या वर्षानुवर्षांच्या याद्यांत त्यांची नावे निमंत्रितांत क्वचितच येत. गटाचे नियंत्रण कोणाकडे राहावे, यासाठी त्यांना न्यायालयात जावे लागले आणि डिसेंबर २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निर्णय कायम ठेविला. त्यांच्या हाती नाव राहिले. त्या नावाच्या बळावर त्यांनी २०२४ साली नवे सदस्य जमविण्यास आरंभ केला.

या उलथापालथीत जे गमावले त्याची नोंद आकड्यांत करता येते. टेक्सास आणि टेक्सास ए अँड एम यांचा १९१५ पासून दरवर्षी होणारा सामना २०११ नंतर थांबला. दोघे एका गटात आल्यावर २०२४ साली तो पुन्हा सुरू झाला. मिसूरी व कॅन्सस यांची १८९१ पासूनची फुटबॉलमधील गाठ २०११ नंतर पडली नाही, ती थेट २०२५ मध्ये पडली. ओक्लाहोमा व ओक्लाहोमा स्टेट १९१० पासून दरवर्षी एकमेकांशी खेळत. २०२३ नंतर ती मालिका खंडित झाली. हे सर्व सामने शेजाऱ्यांचे आहेत. अंगण एक असल्याशिवाय असे वैर पिढ्यानपिढ्या टिकत नाही.

७

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, गटाच्या नावातील संख्या वा दिशा जोपर्यंत लोकांच्या हाती होती तोपर्यंत ती वस्तूबरोबर बदलली; ती मालमत्ता झाल्यावर गोठली. १९४६ साली 'बिग नाइन' म्हणणारा समाज आणि अठरा सदस्यांना 'बिग टेन' म्हणणारा समाज यांच्यात फरक आहे तो गणिताचा नव्हे, नावाच्या मालकीचा आहे. दुसरी ही की, शौकिनांच्या अटकळी या निव्वळ करमणूक नव्हत्या. आपल्या विद्यापीठाला बाजारात किंमत आहे हे सिद्ध करण्याच्या भरात त्यांनी घरे मोजण्याची भाषा आत्मसात केली, आणि ज्या शेजारावर त्यांची निष्ठा उभी होती त्याला त्या भाषेत शब्दच उरला नाही. जुने सामने खंडित झाले तेव्हा शौकिनांनी हळहळ व्यक्त केली; पण ती व्यक्त करताना त्यांना पुन्हा मान, परंपरा आणि शेजार याच जुन्या शब्दांकडे वळावे लागले.