हिवतापाविरुद्ध वंगग्रामांचा सहकार

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिवतापाने बंगालच्या सखल मुलुखात जो संहार मांडला, त्याची नोंद सरकारी दप्तरांत ‘बरद्वानचा ताप’ या नावाने आढळते. १८६४ साली नेमलेल्या चौकशी-मंडळाचे एक सभासद दिगंबर मित्र यांनी, रस्त्यांच्या व लोहमार्गांच्या बांधांमुळे पाण्याचा स्वाभाविक निचरा खुंटला, हेच या अनर्थाचे मूळ, असे निक्षून प्रतिपादिले. तापाशी डासांचा संबंध तेव्हा अज्ञातच होता. डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू रोनाल्ड रॉस यांना दिसले, ते १८९७ साली सिकंदराबादेस.

हे ज्ञान खेड्यांच्या कामी लावण्याचे श्रेय कलकत्त्याचे जंतुशास्त्रज्ञ डॉ. गोपालचंद्र चट्टोपाध्याय यांना द्यावे लागेल. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी हुगळीकाठच्या पाणिहाटी गावी ग्रामस्थांची हिवतापनिवारक सहकारी मंडळी उभारली. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२ च्या कायद्याने इतर उद्दिष्टांच्या मंडळ्यांनाही नोंदणीची मुभा मिळाली, आणि कर्जाकरिता योजिलेली ही व्यवस्था आरोग्यरक्षणाकरिता वापरता येईल, हे या वैद्याने नेमके हेरले. सभासदांनी वर्गणी द्यावी, त्या पैशातून मजूर लावून झाडोरा तोडावा, डबकी बुजवावीत, उरल्या पाण्यावर घासलेट शिंपावे आणि रोग्यांना क्विनीन द्यावे, असा हा क्रम होता.

बंगाली खेड्यात घराचे जोते उंच करण्यासाठी माती खणावी लागे आणि मागे खड्डा उरे; म्हणून जवळजवळ प्रत्येक अंगणापाशी पाण्याचा साठा असे. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या पृष्ठाशी समांतर पडून श्वास घेते, आणि तेलाचा पातळ पापुद्रा तिचा तोच श्वास कोंडतो. अंड्याचा डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यागणिक तेल शिंपावे लागे. आणि एकाने आपला खड्डा स्वच्छ ठेवला तरी शेजाऱ्याच्या खड्ड्यातला डास त्याच्या घरी येणारच, म्हणून साऱ्या गावाने एकदिलाने झटणे अपरिहार्य होते. अशा मंडळ्या गावोगाव निघाल्या. त्यांच्या सभेपुढे खुद्द रवींद्रनाथांनीही भाषण केले.

तथापि लोकांच्या उद्यमालाही मर्यादा होती. मुंबईच्या विहिरींत डासांची पैदास होते असे १९११ च्या अहवालात दाखवून देणारे डॉ. चार्ल्स बेंटली पुढे बंगालच्या आरोग्यखात्याचे प्रमुख झाले, आणि बांधांनी अडवलेले नद्यांचे गढूळ पूरपाणी शेतांत पूर्ववत खेळू द्यावे, असा आग्रह त्यांनी १९२५ च्या आपल्या ग्रंथात धरला. ती तजवीज कोणत्याही ग्राममंडळीच्या आवाक्यातली नव्हती. बांध आणि लोहमार्ग सरकारच्या वा कंपन्यांच्या ताब्यात होते.

स्वातंत्र्यानंतर, १९५३ पासून, डीडीटीच्या फवारणीने देशभर रोग झपाट्याने ओसरला. परंतु १९७६ साली रोग्यांची संख्या पुन्हा ६४ लाखांवर गेली. डास औषधाला जुमानीनासे झाले होते, आणि फवारणीही ढिलावली होती. म्हणूनच पाणिहाटीचा धडा आजही ग्राह्य मानला पाहिजे: निचऱ्याची मोठी कामे राज्यकर्त्यांनी आपल्या शिरावर घ्यावीत, परंतु दारापुढचे डबके आठवड्यागणिक पाहण्याचे कर्तव्य गावाने कोणत्याही खात्यावर सोपवू नये.